एका बाटलीवरून प्रकल्प ठरत नाही



वार्षिक सर्वसाधारण सभेत पूर्णाकाठच्या गटांतील सभासदांनी एक सूचना मांडली, ती आपण ऐकलीच आहे. ऊसबिलातून प्रतिटन थोडी कपात करावी आणि त्या पैशातून नदीच्या डोहावर खारे पाणी गोडे करणारा मोठा आर.ओ. प्रकल्प उभारावा, अशी ती सूचना. टाळ्याही भरपूर पडल्या. सूचनेच्या जोडीला डोहाच्या पाण्याची एक बाटली होती आणि प्रयोगशाळेची एक चिठ्ठी होती. चिठ्ठीवर आकडा : विरघळलेले क्षार लिटरला बाराशे मिलिग्रॅम. "बाराशेचं पानी हाये, मशीन आरामात गोड करते, मंग थांबाचं कायले?" असे एका भाऊंनी विचारले. सभेच्या गडबडीत या प्रश्नाचे नीट उत्तर देणे शक्य नव्हते, म्हणून ते येथे देत आहोत.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. प्रकल्प व्हावा. कपातही व्हावी, तिला आमचा विरोध नाही. पण यंत्राची मागणी नोंदवण्यापूर्वी एक संपूर्ण वर्ष, एका मृगापासून दुसऱ्या मृगापर्यंत, त्या डोहाचे पाणी मोजावे, आणि त्या वहीवरून यंत्राचा आराखडा काढावा. वही नसेल तर प्रकल्पच नको, इथपर्यंत आमची तयारी आहे.

घाटावरच्या सभासदांसाठी थोडे सांगणे भाग आहे. आपल्या जिल्ह्यात पूर्णा दोन आहेत. देऊळगाव राजाकडची खडकपूर्णा ही गोदावरीला मिळते. तिच्या पाण्यावर ऊस पिकतो आणि ते पाणी पिता येते. घाटाखालची पूर्णा निराळी. ती सातपुड्यातून निघते, अमरावती, अकोला आणि आपला जिल्हा ओलांडून तापीला जाते. तिच्या दोन्ही अंगांना जो गाळाचा पट्टा पसरला आहे तोच खारपाणपट्टा. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातली ९३२ गावे घेतली आहेत, यावरून व्याप्ती ध्यानात यावी. येथे विहीर खोदली की पाणी लागते, पण मचूळ. घागर भरली तरी डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि रब्बीला ते पाणी दिले तर जमीन चोपण होते. म्हणून आजोबा-पणजोबांपासून लोकांनी कापूस, ज्वारी, तूर, मूग ही पिके पावसावर घेतली आणि विहिरीकडे पाठ फिरवली. हे क्षार जमिनीत आले कोठून, यावर विद्वानांचे वाद आहेत. ते त्यांनी मिटवावेत. आपल्याला क्षाराशी गाठ आहे.

आता मुद्द्याचे. आपल्या शेतकी खात्याचा एक साधा नियम आहे. प्लॉट तोडीला आला की नाही हे एका टिपऱ्यावरून कधी ठरत नाही. आमचा माणूस प्लॉटच्या चार कोपऱ्यांतले आणि मधले ऊस घेतो, बुडख्याचा आणि शेंड्याचा रस वेगवेगळा काढून हातातल्या मीटरने ब्रिक्स पाहतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहतो. बांधावरचा एक गोड ऊस दाखवून तोडीची चिठ्ठी मागणारे सभासद आम्हाला दरवर्षी भेटतात. त्यांच्यावर आपण सारे हसतो. मग नदीच्या बाबतीत एक बाटली आणून प्रकल्प मागितला तर काय म्हणायचे?

कारण श्रावणातली पूर्णा आणि वैशाखातली पूर्णा या दोन नद्या आहेत. पुराच्या पाण्यात क्षार थोडे, पण चिखल इतका की तांब्यात तळ दिसत नाही. दिवाळीनंतर पाणी निवळते, ओघ कमी होतो. पुढे उन्हाळ्यात वरून ओघ थांबला की डोहात जे पाणी उरते त्यात काठच्या जमिनीतून झिरपून आलेल्या खाऱ्या पाण्याचा वाटा वाढत जातो, आणि वरून ऊन त्यातले पाणी उडवून नेते, क्षार मात्र मागे ठेवते. उडून जाण्याचा हा खेळ पाहायला आपल्याला लांब जायला नको. लोणारचे सरोवर जून २०२० मध्ये एकाएकी गुलाबी झाले. तज्ज्ञांनी पाणी तपासले तेव्हा कारण निघाले ते असे की पाण्याची पातळी उतरून खारटपणा वाढला आणि खारात जगणारे सूक्ष्म जीव माजले. तेच सरोवर, तेच पाणी, पण त्या उन्हाळ्यात त्याची तऱ्हा निराळी झाली. ती बाराशेची बाटली कोणत्या महिन्यात भरली होती, हे चिठ्ठीवर लिहिलेले नव्हते. कोणत्या खोलीवरून भरली हेही नव्हते. थांबलेल्या डोहात खारे, जड पाणी तळाला बसू शकते. वरून भरलेली बाटली गोडवा जास्त दाखवते, आणि पंपाची सोंड तर तळाला असते.

यंत्राचे पोट कसे चालते ते समजले म्हणजे महिन्याचा हट्ट आम्ही का धरतो ते कळेल. आर.ओ.मध्ये पाणी मोठ्या दाबाने एका अतिशय बारीक पडद्यातून ढकलतात. पाणी पलीकडे जाते, क्षार अलीकडे राहतात. साखरेचा असतो तसा येथे पाण्याचाही उतारा असतो. शंभर लिटर घातले आणि पंचाहत्तर गोडे निघाले तर उतारा पंचाहत्तर टक्के. उरलेल्या पंचवीस लिटरांत जवळजवळ सगळे क्षार गोळा होतात, म्हणजे ते पाणी मूळच्या चौपट खारे. बाराशेचे अठ्ठेचाळीसशे होते. पण वैशाखात डोह तीन हजारांवर गेला असेल तर बारा हजार. बाराशेच्या हिशेबाने बसवलेला पंप तेवढा दाब देऊ शकत नाही. शिवाय पाणी तापले की पडद्यातून क्षारही जास्त निसटतात. म्हणजे तहान सर्वांत जास्त त्याच महिन्यात पाणी सर्वांत कमी आणि सर्वांत मचूळ. पुराच्या महिन्यात उलटे. क्षार नाहीत, पण गाळ पडदा बुजवतो. पडदेवाले यासाठी एस.डी.आय. नावाचा आकडा मागतात, तो पाचच्या आत, शक्यतो तीनच्या आत हवा. काळ्या मातीच्या पुरात तो आकडा साधायचा तर आधी गाळ बसवण्याचे टाके, वाळूचे गाळणे, तुरटीची मात्रा, सारे काही हवे. किती मोठे टाके? ते पुराच्या दिवसांत गढूळपणा मोजल्याशिवाय कोण सांगणार?

आणि खपली. आपल्या कारखान्यात रस आटवण्याच्या नळ्यांत खपली धरते आणि गाळप थांबवून ती काढावी लागते, हे सभासदांना ठाऊक आहे. पडद्यावरही तसेच होते. चुन्याची खपली आम्लाने निघते. सिलिकाची निघता निघत नाही, ती काचेसारखी बसते. आपल्या भागाचा कातळ बेसाल्टचा, त्यामुळे पाण्यात सिलिका असतेच. लिटरला चाळीस मिलिग्रॅम असली तर चौपट होऊन एकशे साठ होते, आणि एकशेवीसच्या आसपासच ती पाण्यात राहायला नकार देऊ लागते. म्हणजे पंचाहत्तर टक्के उतारा मिळायचा की साठच, हे त्या एका आकड्यावर ठरते. सभेतल्या चिठ्ठीत सिलिका नव्हती. नायट्रेट नव्हते, फ्लोराईड नव्हते, सोडियम किती आणि चुना किती तेही नव्हते. खिशातल्या पेनासारख्या मीटरला हे काहीच कळत नाही. तो फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते पाहतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. त्या मीटरवर चांगला आकडा दाखवणारे पाणी जंतूंनी भरलेले असू शकते.

जंतूंचे म्हणाल तर वरच्या अंगाला अकोला शहर आहे. शहराची मोर्णा नदी पूर्णेला येऊन मिळते. जानेवारी २०१८ मध्ये त्या शहरातल्या हजारो लोकांनी नदीत उतरून जलपर्णी काढली, त्याचे देशभर कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण जलपर्णी माजते ती सांडपाण्यावर, हे विसरता येत नाही. शिवाय दोन्ही काठांच्या कपाशीवर जे फवारतो आणि जे खत टाकतो ते मृगाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर नदीत येते. साखर कारखानेही या बाबतीत सोवळे नाहीत. मळीचे सांडपाणी नदीत गेले तर काय होते हे या राज्यातील पुष्कळ नद्यांनी पाहिले आहे. पहिल्या लोंढ्याची बाटली म्हणूनच वर्षातली सर्वांत मोलाची. ती भरायला त्या दिवशी कोणीतरी पावसात उभे राहिले पाहिजे.

वही असण्याचा दुसराही उपयोग आहे, आणि तो आमच्या मते पहिल्याहून मोठा. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस चार-आठ दिवसांत गळून टक्कल पडू लागले, हे आपण विसरलेलो नाही. पहिला संशय पाण्यावर आला, साहजिकच आला. नमुने घेतले, नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले, लोक घाबरले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्त, केस आणि गहू तपासून सेलेनियम या द्रव्याकडे, म्हणजे रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. आमचा मुद्दा एवढाच की त्या आठवड्यात गावाला पहिला प्रश्न पडला तो, "पाणी नेहमीपेक्षा बदलले काय?" याचे उत्तर देणारी गेल्या वर्षांची वही गावात असती तर ते उत्तर त्याच दिवशी मिळाले असते. मूत्रपिंडाच्या आजाराचेही तसेच. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागांत किती घरांत ते दुखणे आहे हे सभासदच आम्हाला सांगतात. खारे पाणीच त्याला कारण असे ठामपणे म्हणायला आकडे लागतात, आणि खारे पाणी कारण नाही असे म्हणायलाही आकडेच लागतात.

आता भाऊंचा प्रश्न. वर्षभर थांबायचे म्हणजे वर्षभर लोकांनी खारे पाणी प्यायचे काय? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला टाळून जाणे आम्हाला शोभणार नाही. ज्या बाईला रोज दोन घागरी गोड्या पाण्यासाठी विकत घ्याव्या लागतात तिला "पुढच्या मृगापर्यंत थांबा" असे सांगणे सोपे नाही. आमचे म्हणणे असे की मोजणीचे वर्ष रिकामे जाऊ नये. त्याच डोहावर एक लहान चाचणी-यंत्र बसवावे, दिवसाला पाच-दहा हजार लिटरचे. ते गावाला पिण्याचे पाणी देईल आणि आपल्याला शिकवीलही : कोणत्या महिन्यात पडदा किती दिवसांत बुजतो, दाब किती चढतो, उतारा किती पडतो. मोठा प्रकल्प मग त्या अनुभवावर बांधता येईल. संग्रामपूर-जळगाव जामोदकडच्या १४० गावांसाठी वान धरणावरची योजना आहे. ज्या गटांना ते पाणी पोचते तेथे नळ नियमित चालावा यासाठी जोर लावणे आर.ओ.पेक्षा स्वस्त पडेल. घरांच्या पत्र्यांवरचे पावसाचे पाणी टाक्यात धरणे हाही उपाय आहे. तो दिसायला गावंढळ वाटतो म्हणून मागे पडतो, दुसरे कारण आम्हाला दिसत नाही.

घाईने यंत्रे बसवली तर काय होते हे खारपाणपट्ट्यात फिरताना दिसतेच. कुलूप लागलेल्या आर.ओ.च्या खोल्या, आत पडदे वाळून कडक झालेले, बाहेर पाटी मात्र ठळक. परदेशातही याहून वेगळे नाही. अमेरिकेत कोलोरॅडो नदीत शेतांच्या निचऱ्याचे खारे पाणी सोडल्याने खालच्या मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांची पिके जळू लागली. १९६१ पासून तंटा चालला. म्हणून युमा या गावी निचऱ्याचे पाणी गोडे करण्याचा भला मोठा कारखाना बांधायचे १९७४ साली कायद्याने ठरले. तो तयार झाला १९९२ साली. काही महिने तिसऱ्या हिश्श्याने चालला, १९९३ साली हिला नदीच्या पुराने निचऱ्याचा कालवा फुटला आणि कारखाना थांबला. पुढे २०१०-११ मध्ये वर्षभराची चाचणी झाली, एवढेच. मूळ प्रश्नाची निकड दरम्यानच्या वर्षांत पाण्याबरोबर बदलत गेली, यंत्र मात्र जागेवर राहिले. याउलट लंडनजवळ बेक्टन येथे थेम्स नदीच्या मुखाशी २०१० साली जो प्रकल्प झाला त्यात भरती ओसरून नदीचे पाणी त्यातल्या त्यात कमी खारट असते तेवढेच तास पाणी उचलायचे असे ठरवले. कोणत्या तासाला किती खार आहे हे आधी मोजले, म्हणून ते ठरवता आले. आपल्या पूर्णेला भरती-ओहोटी नाही, पण पूर ओसरल्यावरचे गोडे पाणी शेततळ्यात भरून ठेवायचे आणि उन्हाळ्यात डोहाऐवजी तेच यंत्राला द्यायचे, असा काही मार्ग वहीतून निघू शकेल. कदाचित निम्मे यंत्र पुरेल.

नांदुरा तालुक्यातील जिगाव धरणाचाही विचार व्हावा. जिगावचा जलाशय भरू लागला की वरच्या आणि खालच्या डोहांची गणिते बदलतील. साठलेल्या पाण्यात शेवाळ येते, वरचा आणि तळाचा थर वेगळा होतो. म्हणून वर्षाची मोजणी संपली की मीटर कपाटात ठेवायचा नाही.

मागे राहिलेल्या खाऱ्या पाण्याबद्दल सभेत एक अक्षर निघाले नाही, म्हणून थोडा हिशेब मांडतो. समजा, रोज एक लाख लिटर पाणी उचलले आणि त्यात लिटरला दोन हजार मिलिग्रॅम क्षार आहेत. म्हणजे रोज दोनशे किलो, वर्षाला ७३ टन क्षार. ऊस वाहणाऱ्या ट्रकांत भरले तर पाच-सात गाड्या. हे कोठे टाकणार? नदीत सोडले तर खालच्या गावाच्या डोहात जाईल, आणि खालचे गावही आपल्याच कारखान्याचे सभासद आहे. शेतात सोडले तर ते शेत गेले. अस्तर लावलेल्या टाक्यात आटवायचे तर रोजच्या पंचवीस हजार लिटरांसाठी, दिवसाला सरासरी पाच मिलिमीटर बाष्पीभवन धरून, सव्वा एकर जागा लागते, आणि पावसाळ्यात टाके उलट भरते. ही सव्वा एकर कोण देणार ते प्रकल्पाच्या ठरावातच लिहिलेले असावे.

एक गैरसमज मात्र येथेच काढून टाकतो, कारण तो आमच्या खात्याचा विषय आहे. या गोड्या केलेल्या पाण्यावर घाटाखाली ऊस करता येईल अशी कुजबुज आमच्या कानावर आली. येणार नाही. उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटर पाणी धरले तर एका एकराला सुमारे ८० लाख लिटर लागते. दोन हजार वस्तीच्या गावाला माणशी दहा लिटर पिण्या-स्वयंपाकाला दिले तर वर्षाला ७३ लाख लिटर होते. म्हणजे एक एकर ऊस अख्ख्या गावाचे पाणी पिऊन वर आणखी मागतो. आणि खारेच पाणी उसाला द्यावे तर जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या तक्त्याप्रमाणे पाण्याची वाहकता १.१ डेसीसायमनच्या आत असली तर उसाचे उत्पादन पुरे येते, ४ झाली की चौथा हिस्सा जातो, ६.८ ला निम्मे. हे आकडे निचरा असलेल्या जमिनीचे. आपली काळी चिकण माती सोडियमने एकदा आवळली की पाणी खाली उतरतच नाही. जो ऊस येईल त्याच्या रसातही क्षार जास्त, मळी वाढते, उतारा घटतो. ते नुकसान मग सगळ्याच सभासदांच्या भावात उतरते.

मोजणी करायची कशी? फार मोठे शास्त्र नाही. डोहावर दोन जागा ठरवाव्यात, एक पाणी उचलण्याची आणि एक त्याच्या वरच्या अंगाची. डोहात वरून एक फुटावर आणि तळाजवळ, अशा दोन खोलींवर. वाहकता, तापमान आणि गढूळपणा रोज ठरल्या वेळी जागेवरच मोजावा, आणि नदीची पातळी, पाऊस, वरून धरणाचे पाणी सोडले काय, हे त्याच ओळीत लिहावे. महिन्यातून एकदा पूर्ण तपासणीची बाटली प्रयोगशाळेत जावी : सोडियम, चुना, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट, क्लोराईड, सल्फेट, नायट्रेट, फ्लोराईड, सिलिका, लोह, वर्षातून दोनदा जड धातू आणि कीटकनाशके. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावी. जंतूंची बाटली निराळी, निर्जंतुक, बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोचली पाहिजे, एस.टी.च्या टपावर दोन दिवस फिरलेली बाटली तपासू नये. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीचे शिक्षण द्यायचे ठरले आहे. रोजची वही त्यांच्या हाती द्यावी आणि तिचे मानधन कपातीतून द्यावे, फुकट करून घेऊ नये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा पाहते, तो हिशेबही आपल्या वहीशेजारी लावता येईल.

खर्चाची धास्ती कोणी घेऊ नये. आपल्या बॉयलरच्या पाण्याचे क्षार आणि जडपणा प्रत्येक पाळीत तपासला जातो. बॉयलरची नळी फुटली तर गाळप बंद पडते म्हणून त्याला कोणी कधी जास्तीचा खर्च म्हटले नाही.

हाताने चालवायचे दोन मीटर आणि बाटल्यांचा पहिला गठ्ठा नदीकाठच्या गट ऑफिसात ठेवण्याची विनंती आम्ही संचालक मंडळाला लेखी केली आहे. ज्या गावाला वही हवी असेल त्या गावातील सभासदांनी वही लिहिणाऱ्या महिलेचे नाव, डोहाचा गट नंबर आणि तेथे जाण्याची पायवाट पावसाळ्यात चालू राहते की नाही, एवढे लिहून चिटबॉयजवळ द्यावे. पायवाटेचे अवश्य लिहावे. पहिल्या लोंढ्याला डोहापर्यंत पोचता आले नाही तर त्या गावाऐवजी शेजारचे गाव घ्यावे लागेल.